कैदेतला वॉर्ड

१८ ऑगस्ट. आज नळाला पाणी येण्याचा दिवस. उस्मानपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत लोक लग्नाचा वाढदिवस विसरतात, हा दिवस विसरत नाहीत. पहाटेपासून गच्चीवरची टाकी, ड्रम, बादल्या, घागरी आणि शेवटी चहाचं पातेलंसुद्धा भरून घेतलं. नवऱ्याला मोटारीजवळ उभं केलं, मुलाला गच्चीवर, आणि मी मधे जिन्यात उभी राहून दोघांनाही सूचना देत होते. मुलगा वरून ओरडला, "आई, भरली टाकी!" मी म्हणाले, "मी सांगितल्याशिवाय मोटार बंद करायची नाही." खालच्या काकूंच्या वाळत घातलेल्या चादरींवर धार पडली, तेव्हा मी सांगितलं.

हे मुद्दाम लिहिलं. पुढं कुठं वाचकांना माझं कौतुक वाटायला लागलं, तर त्यांनी त्या चादरी आठवाव्यात.

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला होता. म्हणाले, "मॅडम, तुम्ही युद्धकैदी होतात. अशी दुसरी बाई आम्हाला कुठं सापडणार? जरा थरारक लिहा." मी म्हणाले, मी युद्धकैदी नव्हते. ते म्हणाले, "तेच ते."

तेच ते नाही. डॉक्टर, नर्स, स्ट्रेचर उचलणारे अशा माणसांना लढाईत पकडलं, तरी कायद्यानं ते युद्धकैदी होत नाहीत. त्यांच्यासाठी आंतरराष्ट्रीय करारात वेगळी सोय आहे. जखमींना गरज असेल तोवर त्यांना ठेवून घ्यायचं, त्यांचं काम करू द्यायचं आणि गरज संपली की परत पाठवायचं. हे आम्हाला प्रशिक्षणात शिकवलं होतं. मी ते मागच्या बाकावर बसून अर्धवट ऐकलं, कारण बिडकीनच्या मुलीला कुठला शत्रू येऊन पकडून नेईल असं मला वाटत नव्हतं. आणि आम्हाला ज्यांनी पकडलं ते कुठल्याच देशाचे सैनिक नव्हते. त्यांनी तो करार वाचलेला नव्हता. सत्काराच्या बॅनरवर मात्र दरवेळी 'युद्धकैदी वीरांगना' असंच छापून येतं. एकदा विहाराच्या सभागृहातल्या कार्यक्रमाआधी मी दुरुस्ती सुचवली. बॅनरवाला म्हणाला, "मॅडम, तुम्ही सांगता ते एवढ्या फ्लेक्सवर बसत नाय."

तर मी सैन्यातली नर्स. आता निवृत्त. आमच्या खांद्यावर अधिकाऱ्यांचे तारे असतात. जवान बरा असला की 'मॅडम' म्हणतो, दुखायला लागलं की 'सिस्टर'. दहा-बारा वर्षांपूर्वी आफ्रिकेतल्या एका देशात शांतिसेनेबरोबर आपलं फील्ड हॉस्पिटल होतं, तिथं माझी नेमणूक झाली. देशाचं नाव लिहीत नाही. ज्यांची गोष्ट सांगते आहे ती माणसं अजून तिथंच राहतात.

त्या दिवशी आम्ही एका बाळंतिणीला तिच्या गावी पोचवून परत येत होतो. अॅम्ब्युलन्समध्ये मी, कॅप्टन जेसी आणि ड्रायव्हर हवालदार बलबीर. जेसी केरळची, माझ्यापेक्षा पुष्कळ लहान, हाताला अतिशय हलकी आणि जिभेला अजिबात नाही. दीड वर्षाची मुलगी आईकडं ठेवून ती आली होती. पुढच्या आठवड्यात तिची सुट्टी सुरू होणार होती. आमच्याबरोबरची पहारेकऱ्यांची गाडी मागं चिखलात रुतली. थांबू या, असं बलबीर म्हणाला. पुढं चला, संध्याकाळची इंजेक्शनं राहतील, असं मी म्हणाले.

वळणावर रस्त्यात झाडाचं खोड आडवं टाकलेलं होतं. बंदुका घेतलेली दहा-बारा पोरं खोडावर बसली होती. शहाण्या माणसानं अशा वेळी गप्प बसावं. मी काच खाली केली आणि म्हणाले, "हे बाजूला घ्या. आत सीरियस पेशंट आहे." त्यांनी मागचं दार उघडून पाहिलं. आत रिकामं स्ट्रेचर आणि बाळंतिणीच्या घरच्यांनी दिलेला केळ्यांचा घड. माझी थाप तिथंच संपली, केळीही.

त्यांना हवी होती गाडी. मग आमच्या गणवेशावरच्या खुणा बघून त्यांनी आपसात काही बोलणं केलं आणि त्यांना आम्हीही हव्या झालो. बलबीरला त्यांनी पायी परत पाठवलं, निरोप देऊन. तो हलेना. "मॅडम, मैं नहीं जाऊँगा." मी त्याला हुकूम दिला तेव्हा रडत गेला. माझ्या अख्ख्या नोकरीतला हा एकमेव हुकूम, ज्याचा मला आजही पश्चात्ताप नाही.

आम्हाला नेलं ते डोंगरातल्या एका बंद पडलेल्या शाळेत. वर्गात बाकं भिंतीला सरकवलेली आणि जमिनीवर चटयांवर जखमी. वास असा, की तो नाकातून नाही, डोळ्यांतून आत जात होता. मधोमध एक म्हातारी पातेलं घेऊन बसली होती. त्यांचा म्होरक्या पुढं आला. बारीक, तिशीचा, चष्म्याची एक काडी सुतळीनं बांधलेली. सगळे त्याला कमांडर म्हणत. पूर्वी शहरात टॅक्सी चालवायचा, त्यामुळं इंग्रजी यायचं. माझ्यासारखंच, काम भागण्यापुरतं. तो म्हणाला, "यांना बरं करा."

आता खरं थरारक. लोक कार्यक्रम संपल्यावर बाजूला घेऊन, आवाज खाली करून विचारतात, "मॅडम, त्यांनी तुम्हाला काही...?" नाही. आमच्या अंगाला कुणी हात लावला नाही. भीती वाटली का? वाटली. पहिल्या दिवशी जेसीच्या हातातल्या बाटलीचं झाकण तिला उघडेना, मी घेतलं, मलाही उघडेना. मग त्या म्हातारीनं उघडून दिलं.

आणि मग मी ती चूक केली, जी नर्सशिवाय दुसरं कुणी करणार नाही. मी वॉर्ड लावायला घेतला.

दुसरा कैदी खिडक्या-दारं बघतो, पळायची वाट शोधतो. मी खिडक्या बघितल्या त्या हवेसाठी. चटया ओळीत घेतल्या, दोन चटयांमध्ये आपण बसू शकू इतकी जागा सोडली, खडूनं भिंतीवर नंबर टाकले. सकाळी झाडलोट, मग ड्रेसिंग, मग औषधं. पाणी उकळल्याशिवाय आत यायचं नाही. जोडे बाहेर, बंदुका बाहेर. कमांडर पहिल्यांदा बूट घालून आला तेव्हा मी त्याच्या पायांकडं बघत राहिले. त्यानं थोडा वेळ आजूबाजूला पाहिलं आणि बूट काढले. मला इतकं समाधान वाटलं, की आपण कैदेत आहोत हे मी त्या दिवशी पार विसरले.

व्हायचं तेच झालं. जखमा भरायला लागल्या, ताप उतरले, शाळेचं नाव डोंगरभर झालं. लांबच्या टोळ्यांमधून जखमी यायला लागले. मग गावातल्या बाया लेकरं घेऊन यायला लागल्या. एक आजोबा दाढ दुखते म्हणून आले. मी त्यांना रांगेत बसवलं आणि जेसीला म्हणाले, "आपण सकाळी बाह्यरुग्ण आणि दुपारी—"

जेसीनं हातातला चिमटा खाली ठेवला.

"मॅडम, एक विचारू?"

"विचार."

"तुम्ही यांच्या ताब्यात आहात, की हे तुमच्या?"

"काय झालं?"

"तुम्ही इतका छान वॉर्ड चालवल्यावर हे आपल्याला सोडतील कशाला? मी जर कमांडर असते, तर तुम्हाला मरेपर्यंत सोडलं नसतं. आपण दोघी इथंच रिटायर होणार. माझी पोरगी कॉलेजला जाईल आणि तुम्ही इथं चादरीचे कोपरे बघत बसाल."

मी तिला तो करार सांगितला. गरज संपली की पाठवतात.

"गरज तुम्ही रोज वाढवताय," जेसी म्हणाली.

सरकारी नोकरीत हे मी आयुष्यभर पाहिलेलं होतं. जो चांगलं काम करतो त्याची रजा मंजूर होत नाही. स्वतःच्या बाबतीत ओळखू आलं नाही.

याच सुमारास दोन नंबरच्या चटईवरचा माणूस गेला. पोटात गोळी होती. पोटात गोळी लागलेला सर्जनशिवाय वाचत नाही. आमच्या हातात ओठ ओले करणं आणि जवळ बसणं एवढंच होतं. त्याचा दोस्त बाहेरून धावत आला आणि त्यानं बंदूक जेसीच्या छातीला लावली. काय बोलत होता ते कळायला भाषेची गरज नव्हती. मी म्हणाले, "वॉर्डात बंदूक आणायची नाही."

याला शौर्य म्हणू नये. तोंडात तेवढंच वाक्य तयार होतं, रोज पन्नास वेळा म्हणत होते. तो माझ्याकडं बघत राहिला. म्हातारी उठली, मेलेल्या माणसापाशी जाऊन बसली आणि मोठ्यानं रडायला लागली, तसा तोही खाली बसला आणि कमांडरनं येऊन त्याच्या हातातून बंदूक काढून घेतली. नंतर मी भिंतीजवळच्या शाळेच्या बाकात जाऊन बसले. ते पहिलीच्या पोरांचं बाक होतं. त्यातून मला बाहेर काढायला जेसी आणि दोन बंडखोर लागले.

त्या संध्याकाळी कमांडर बूट काढून आत आला आणि चार नंबरच्या चटईजवळ उभा राहिला. चार नंबर म्हणजे त्याचा सख्खा धाकटा भाऊ. मांडीत मूठभर खड्डा पडलेली जखम, तळाशी पू, ताप चढता-उतरता. कमांडर म्हणाला, "हा असा जाता कामा नये."

मी म्हणाले, "याला आमच्या हॉस्पिटलात न्या. तिथं सर्जन आहे."

"तुमच्या हॉस्पिटलातून तो सरळ तुरुंगात जाईल."

"मग आम्हाला कधी सोडणार?"

त्यानं भावाकडं बोट दाखवलं. "हा चालायला लागला की."

ती मांडी चालायला लागायला किती महिने लागतील ते मला माहीत होतं. जेसीलाही. आणि तो चाललाच नाही, तर काय, तेही आम्ही सकाळीच पाहिलं होतं.

त्यावर जेसीनंच उपाय काढला. चार नंबरचं ड्रेसिंग दुसऱ्या कुणाला यायला लागलं, तर आपली गरज संपते. म्हणून त्या म्हातारीला शिकवायचं. तिकडं वयस्क बाईला 'मामा' म्हणतात. माझे सख्खे मामा मिशीवाले, वैजापूरच्या मार्केट यार्डात तोलाईच्या काट्यावर उभे राहून शिव्या देणारे. त्यामुळं सुरुवातीला मला तिला हाक मारताना चोरट्यासारखं व्हायचं. ही मामा त्या शाळेत पूर्वीपासून झाडलोट करायची. शाळा बंद पडली, मास्तर पळून गेले, लढाई आली, ही तिथंच राहिली.

"नर्सिंगचा अभ्यासक्रम चार वर्षांचा असतो," मी जेसीला म्हणाले.

"आपल्याकडं चार वर्षं नाहीत, मॅडम. एक जखम शिकवा. एकच."

ड्रेसिंग म्हणजे पट्टी बांधणं, असं लोकांना वाटतं. पट्टी हा शेवटचा भाग. आधी हात धुवायचे, उकळलेल्या चिमट्यानंच जखमेतलं जुनं गॉझचं कापड काढायचं, चिकटलं असेल तर ओढायचं नाही, मिठाच्या पाण्यानं भिजवून सोडवायचं. मग जखम धुवायची. एकदा पुसलेल्या बोळ्यानं परत पुसायचं नाही. मग ओलं गॉझ खड्ड्यात हलक्या हातानं भरायचं. ठासलं की रक्त पोचत नाही, रिकामं सोडलं की वरून जखम मिटते आणि आत पू राहतो. मग पट्टी. पट्टीची गाठ जखमेवर कधीही नाही, बाजूला. गाठ जखमेवर आली तर तिचा खडा माणसाला दिवसभर टोचतो. हे मला पहिल्या वर्षी ज्या ट्यूटरनी शिकवलं, त्यांनी हातावर पट्टी मारून शिकवलं. मीही त्याच घराण्यातली.

आमच्यात आणि मामात एकही समान भाषा नव्हती. सगळं हातांनी. मामाचे हात चांगले होते. गरम पातेलं फडक्याशिवाय उचलणारे, पण लेकराच्या डोळ्यातलं कुसळ काढतील असे. तरी माझ्यासमोर ती काही ना काही चुकायचीच. तिनं बोळा दुसऱ्यांदा फिरवला की मी "अं हं!" म्हणायचे. चिमटा चटईवर टेकवला की "अं हं!" हळूहळू असं झालं, की ती प्रत्येक गोष्ट करायच्या आधीच माझ्या तोंडाकडं बघायला लागली. माझ्या तोंडाकडं बघायची म्हणून चुकायची आणि चुकायची म्हणून मी आणखी जवळ जाऊन उभी राहायचे. वॉर्डातले जखमीसुद्धा "अं हं" म्हणायला शिकले. एकदा बाहेर पहाऱ्यावरची पोरं एकमेकांना "अं हं!" करून हसताना मी ऐकली. माझ्या नावानं त्या डोंगरात काही राहिलं असेल तर ते एवढंच.

एकदा मी बाह्यरुग्णांत अडकले होते. आत येऊन बघते, तर मामानं चार नंबरचं ड्रेसिंग पुरं केलेलं, आणि व्यवस्थित. जेसी भिंतीला टेकून शांत बसलेली.

"तू मदत केलीस?"

"नाही."

"मग हिला माझ्यासमोर का येत नाही?"

जेसीनं मोठ्या माणसाला उत्तर देऊ नये अशा पद्धतीचं तोंड केलं आणि चिमटे उकळायला नेले.

मग एके दिवशी पांढरी गाडी आली. एका मदत संस्थेची माणसं मध्यस्थी करत होती, हे आम्हाला माहीत नव्हतं. त्यांची प्रमुख मार्था, उंच, पिकल्या केसांची बाई. ती गाडीतून उतरली तेव्हा जेसीनं माझा दंड इतका घट्ट धरला, की नंतर तिथं तिची बोटं उमटलेली दिसत होती. बोलणी बहुतेक झालेली होती. आम्हाला सोडायचं, आणि त्याबदल्यात संस्थेनं दुसऱ्या दिवशी सकाळी औषधांचं खोकं आणून द्यायचं. मार्था म्हणाली, "लवकर चला. यांचे वरचे लोक येऊन विचार बदलतील त्याआधी."

आम्ही दारापर्यंत पोचलो आणि कमांडर म्हणाला, "थांबा. उद्या माझ्या भावाचं ड्रेसिंग कोण करणार?"

त्यानं आमच्या दोघींकडं आळीपाळीनं पाहिलं.

"एक सिस्टर जाईल. एक राहील."

इथं मी "मी राहते" असं म्हणाले की नाही, याबद्दल जेसीचं आणि माझं आजही एकमत नाही. ती म्हणते, म्हणालात. मला फक्त जेसीचं पांढरं पडलेलं तोंड आठवतं. नंतरचं पक्कं आठवतं. जेसी म्हणाली, "मामाला येतं."

"त्या म्हातारीला?" कमांडर हसला. मग हसायचा थांबला. "दाखवू दे."

मामाला बोलावलं. मार्था घड्याळ बघत होती. सगळे चार नंबरच्या चटईभोवती उभे राहिले: कमांडर, मार्था, तिचा ड्रायव्हर, बूट काढलेली पहाऱ्यावरची पोरं, आणि मी, नेहमीप्रमाणं सगळ्यांच्या पुढं. जेसीनं मला मागं ओढलं आणि कानात म्हणाली, "मॅडम, हात जोडते. माझ्या पोरीची शपथ आहे. काही झालं तरी बोलायचं नाही."

मी मान हलवली.

मामानं हात धुतले. माझ्याकडं बघितलं. मी छताकडं बघितलं. तिनं जुनं गॉझ भिजवून सोडवलं. जखम धुतली, वेगळा बोळा, वेगळा बोळा. खड्डा भरला, हलक्या हातानं. मी दातांखाली ओठ धरून उभी. आयुष्यात इतकं अवघड काम मी केलं नव्हतं; त्यापुढं बंदूक काहीच नव्हती. मग तिनं पट्टी गुंडाळली, खालून वर, बरोबर, आणि शेवटी माझ्याकडं बघत बघत गाठ मारली. बरोबर जखमेवर.

कमांडरनं मला विचारलं, "ठीक आहे?"

ही एक गाठ. तिच्यानं माणूस मरत नाही. थोडं टोचतं. 'ठीक आहे' एवढे दोन शब्द बोलले की आम्ही दोघी गाडीत, जेसी तिच्या पोरीकडं. हे सगळं मला त्या क्षणी स्वच्छ दिसत होतं. आणि मी म्हणाले,

"अं हं."

जेसीच्या घशातून जो आवाज आला तो मी पुन्हा कधी ऐकलेला नाही.

"गाठ बाजूला हवी," मी म्हणाले. बोललेच आहे तर पुरं बोलावं म्हणून.

कमांडर म्हणाला, "म्हणजे हिला येत नाही."

तेवढ्यात मामा उठली. तिनं चिमटा पातेल्यात टाकला, कमरेवर हात ठेवले आणि बोलायला लागली. आधी माझ्याकडं बघून, मग कमांडरकडं वळून, मग पुन्हा माझ्याकडं बोट करून. आवाज चढत गेला. पहाऱ्यावरची पोरं आधी खाली बघायला लागली, मग त्यांचे खांदे हलायला लागले. चार नंबर, ज्याला मी इतक्या दिवसांत हसताना पाहिलं नव्हतं, तो मांडी धरून हसत होता.

"काय म्हणते ती?" मी विचारलं.

कमांडरनं चष्मा काढून पुसला. "ती म्हणते, ही बाई इथं उभी आहे तोवर मला काहीही येणार नाही. ही माझ्या श्वासावर लक्ष ठेवते. ही नसताना मला सगळं येतं. हिला ठेवायचं असेल तर मी जाते, भावाची पट्टी तू बांध." मग चष्मा परत लावत, "आणखीही म्हणाली. ते मी सांगत नाही."

मामा पुन्हा खाली बसली. माझ्याकडं पाठ करून बसली. गाठ सोडली, पट्टीचं टोक मांडीच्या बाहेरच्या बाजूला नेलं आणि तिथं गाठ मारली. सपाट, घट्ट, खडा न येणारी. माझ्या ट्यूटरना आवडली असती अशी. मला दिसावी म्हणून तिनं मारली नव्हती. तिच्या पाठीआडून मी मान लांब करून बघितली.

कमांडरनं ती गाठ बोटानं चाचपली. भावाला काहीतरी विचारलं. भावानं मान हलवली. मग कमांडर मार्थाला म्हणाला, "दोघींना घेऊन जा." आणि माझ्याकडं बघून, "हिला आधी."

गाडीत जेसी माझ्याकडं पाठ करून खिडकीला टेकून बसली. चिखलाचा रस्ता संपून डांबर लागलं तेव्हा म्हणाली, "मॅडम, मी शपथ घातली होती."

"मला माहीत आहे."

"पोरीची."

"माहीत आहे."

मग ती हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. मार्थानं पाण्याची बाटली मागं दिली. ह्या वेळी झाकण उघडलं.

हॉस्पिटलात पोचल्यावर बलबीर फाटकात उभा होता. वरिष्ठांनी आमची चौकशी केली, म्हणजे विचारपूस नव्हे, रीतसर चौकशी. सुटका कशी झाली, काय वाटाघाटी, कोणत्या अटी. जेसी उभी राहून म्हणाली, "सर, मॅडमना त्यांनी निकृष्ट माल म्हणून परत केलं. मी सोबत आले." नंतर हा किस्सा प्रत्येक मेसमध्ये माझ्याआधी पोचलेला असायचा.

संध्याकाळी बिडकीनला फोन लावून दिला. आईला गावातल्या टीव्हीवाल्यांनी आधीच कळवलं होतं. मला वाटलं, रडेल. ती म्हणाली, "सोडलं का?"

"सोडलं."

"व्हय ना? मी तुझ्या भावाला पहिल्या दिवशीच म्हणलं व्हतं, रडू नको, तिला कोणी लई दिवस ठेवायचं नाय. जेवलीस का?"

चार नंबरचं पुढं काय झालं, तो चालला की नाही, मला आजपर्यंत कळलेलं नाही. मामाचंही नाही. काही महिन्यांनी तिकडं मोठी लढाई झाली आणि मार्थाच्या संस्थेचीही ये-जा बंद पडली. मी गेली इतकी वर्षं वॉर्डात मुलींना शिकवताना त्यांच्या मागं दोन पावलं उभी राहायचा प्रयत्न केला. जमलं असं त्या मुली म्हणणार नाहीत. जेसी दरवर्षी नाताळला फोन करते आणि पलीकडून हॅलोऐवजी "अं हं" म्हणते.

शाळेतून सुटून आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हाला विश्रांतीचा हुकूम होता. मी परवानगी काढून मार्थाच्या गोदामात गेले. कबूल केलेलं खोकं भरायचं होतं. मीठ, साबण, गॉझ, चिमटे, प्रतिजैविकं, सगळं मी आत लावून दिलं. मार्था म्हणाली, "सिस्टर, काही सूचना लिहून देता? मी स्वतः नेते आहे, त्या मामाला वाचून दाखवीन." तिनं पेन आणि कोरा कागद पुढं केला. सांगण्यासारखं पुष्कळ होतं. पहाटे उठल्यापासून सगळं ओळीनं तयार होतं. मी पेन परत दिलं. खोक्याच्या कोपऱ्यात थोडी जागा उरली होती. तिथं आणखी दोन बँडेजं कोंबली आणि झाकण लावलं.